सीमेवर पाच जण

रविवार संध्याकाळ, मिल्टन कीन्स, इंग्लंड

आलो एकदाचे सहलीहून घरी. मशीनला कपड्यांचा तिसरा लोड लावलाय, तरी वाळू संपत नाही. अंग नुसतं आंबलंय, पण ओमानच्या सीमेवरची ती चौकी डोक्यातून जात नाही.

अधिकाऱ्याने विचारलं, गाडीत किती जण? बाबा, माझे सासरे, पुढच्या सीटवरून पटकन म्हणाले, ‘फाइव्ह.’ त्याने वाकून मागे पाहिलं, तर मी आणि लेक, दोघीच. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं. माझा नवरा निखिल स्टिअरिंगवरून हळूच म्हणाला, ‘बाबा, चार.’   

आत्ता बाबा दारात बूट झटकत होते. पुन्हा तीच वाळू. म्हणाले, ‘बरं झालं, ही आली नाही. एवढं ऊन हिला सोसलं नसतं.’

मी म्हटलं, ‘हो बाबा. फारच ऊन होतं.’