आलं बरं का घर

५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र परवा मिळालं. फोन करू नकोस असं त्यात आहे, म्हणून लिहिते आहे. फोनवर मी 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे' अशा सुरात बोलते, हे तुझं म्हणणं मान्य. कागदाला सूर नसतो, एवढी सोय आहे.

मी बरी आहे. खोकला गेला. खोलीच्या खिडकीची काच शेवटी बसवून मिळाली, त्यामुळे झोप लागते.

आता तुझ्या टोमण्याबद्दल. 'चार वर्षं लिफ्टच्या कंपनीत पाना-पक्कड घेऊन फिरलीस, ती नोकरी सोडून कलेचं शिकायला गेलीस, आणि तिथे करतेस काय, तर लिफ्ट.' वाक्य चांगलं आहे. मी ते वर्गात वाचून दाखवलं, सगळे हसले. पण उत्तर हो असंच आहे. आमच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शेवटची परीक्षा पेपर लिहून होत नाही. एक कलाकृती करायची, ती का केली यावर निबंध लिहायचा, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर दोन्ही ठेवायचं. माझी कलाकृती म्हणजे लिफ्टची एक केबिन. खऱ्या मापाची. ती कुठेही जात नाही.

माणसाला वेग कळत नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. लिफ्ट सुटताना आणि थांबताना जो हिसका बसतो, त्यावरून आपण वर गेलो की खाली, हे शरीर ठरवतं. म्हणून मी खालच्या फळीला स्प्रिंगा लावल्या आहेत. एक छोटी मोटर ती फळी बोटभर उचलते आणि सोडते. मधल्या वेळात घरघर, आणि दाराच्या फटीतून सरकणारा उजेड. मग दार उघडतं आणि माणूस त्याच जागी बाहेर येतो. आमच्याबरोबर एक नर्तक शिकतो. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "मी आता कितव्या मजल्यावर आहे?" आमच्या कार्यशाळेला मजलेच नाहीत.

निबंधाची सुरुवात तुला पाठवते. मला मार्गदर्शन करणाऱ्या बाई म्हणतात, ती ठीक आहे:

'एका वृद्ध स्त्रीला रोज संध्याकाळी स्वतःच्याच घरातून घरी जायचं असतं. ती पिशवी भरते आणि दाराशी उभी राहते. हे घरच आहे, असं सांगून उपयोग होत नाही. तेव्हा तिच्यासोबतची व्यक्ती तिला लिफ्टने खाली नेते, इमारतीला एक फेरी मारते आणि परत वर आणते. दार उघडल्यावर ती स्त्री समाधानाने आत जाते. ती घरी पोचलेली असते.'

आपल्या इमारतीतल्या लिफ्टचे दोर अजून बदललेले नाहीत, हे वाचलं. मी डिसेंबरात आले तेव्हा दोराच्या तारा तुटून बाहेर आल्या होत्या आणि ब्रेकचं अस्तर जवळजवळ संपलं होतं. सेक्रेटरीकाकांना मी ती लिफ्ट बंद करायला सांगितली, कारण ती बंद करायलाच हवी होती. हे पुन्हा लिहिते आहे, कारण 'तू बंद केलीस' हे शब्द तुझ्या पत्रात पुन्हा पुन्हा आले आहेत.

केंद्राबद्दलही वाचलं. आईसारख्या विसरणाऱ्या माणसांसाठी ते चांगलं आहे, तिथे खाट रिकामी झाली आहे, दोघी मुलींचा होकार असल्याशिवाय ते कुणाला घेत नाहीत, आणि महिनाअखेरपर्यंतच ते थांबतील. सगळं नीट समजलं. विचार करते आहे.

तुझी पाठ कशी आहे? आईच्या गोळ्या वेळेवर चालू असतीलच.

तुझी
बहीण


१४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

'तिच्यासोबतची व्यक्ती म्हणजे मी का? भेटून आनंद झाला.'

हे वाचल्यावर निबंधात बदल केला. आता तिथे 'तिची थोरली मुलगी' असं आहे. 'एक वृद्ध स्त्री' मात्र तशीच ठेवली. 'माझी आई' लिहिलं की पुढचं वाक्य सुचत नाही.

जिन्याचा प्रसंग मी दोनदा वाचला. उतरताना ती हौसेने उतरली, चढताना तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसली, शेजारणीने खुर्ची आणून दिली, आणि आईने त्यांना विचारलं, "ही बाई मला घरी का नेत नाहीये?" तू पुढे लिहिलं आहेस, 'ही बाई म्हणजे मी. चोवीस तास मी.' त्याखाली तू काहीतरी खोडलं आहेस. मी कागद उजेडासमोर धरून पाहिला. वाचता आलं नाही.

'इथली खरी लिफ्ट बंद, आणि तू तिथे खोटी चालवतेस.' हे वाक्य मी वर्गात वाचून दाखवलं नाही.

आता एक विचारायचं आहे. ते नीट क्रमाने सांगते.

सोमवारी रंगीत तालीम होती. बाहेरचे दहाबारा लोक बोलावले होते. तिसरा माणूस आत गेला आणि मोटर जळाली. फळी उचलेना, घरघर थांबली. मी तारा तपासत पाठीमागे बसले होते, म्हणून कुणाला थांबवायचं राहून गेलं. लोक आत जात राहिले, बाहेर येत राहिले. आणि बाहेर आल्यावर आधीसारखेच थबकून इकडेतिकडे पाहत राहिले. एक बाई तर हात पुढे करून आल्या, कुणीतरी धरणार असल्यासारखा. केबिन तसूभरही हलली नव्हती.

आत तेव्हा एकच गोष्ट चालू होती. ती म्हणजे तुझा आवाज.

डिसेंबरात तुमच्याबरोबर लिफ्टने आले, तेव्हा घरघर हवी म्हणून खिशातल्या फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवलं होतं. त्यात तू आलीस. "चला, निघालो. पिशवी दे माझ्याकडे. पोचतोच आता. आलं बरं का घर, आई. उंबरा आहे, पाय उचल." घरघर वेगळी काढताना मला ते पुसता आलं असतं. मी पुसलं नाही, आणि तुला विचारलंही नाही.

मार्गदर्शन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "मोटर दुरुस्त करूच नकोस. लोकांना ही नेते आहे, तुझी फळी नाही." मी म्हटलं, स्प्रिंगांचं गणित करायला मला तीन महिने लागले. त्या म्हणाल्या, "गणिताचा निबंध वेगळा लिही."

बुधवारी मी तुझ्या जागी माझा आवाज घातला. तेच शब्द, तेवढीच गती. आमच्याकडे मातीकाम शिकणारी एकजण आहे, तिला आत उभं केलं. बाहेर येऊन ती म्हणाली, "लिफ्ट बिघडली आहे अशी सूचना होती का ती?"

म्हणून विचारते आहे. परीक्षा तेवीस तारखेला आहे. तुझा आवाज वापरू का? नको म्हणालीस तर वापरणार नाही.

केंद्राचं उत्तर या पत्रात द्यायचं ठरवलं होतं. पण आवाजाची विनंती आणि ते उत्तर एकाच कागदावर आलं, तर देवाणघेवाण वाटेल. वेगळं लिहीन.

तुझी
धाकटी


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. 'आवाज हवा तर घे. आधी हो किंवा नाही लिही. निबंध नको.'

परीक्षा काल झाली. तुझा आवाज वापरला नाही.

केंद्राबद्दल उत्तर हो आहे. ते मी महिन्याच्या सुरुवातीलाही देऊ शकले असते. गप्प राहिले, कारण थांबून थांबून शेवटी माझाही होकार तूच कळवून टाकशील असं वाटत होतं. मग पुढे कुणी विचारलं असतं तर मला 'ताईने ठरवलं' म्हणता आलं असतं. 'विचार करते आहे' असं लिहिलं तेव्हा विचार करून झाला होता.

आणखी एक. डिसेंबरात मी दोन दिवस आधीच निघाले, ते परीक्षेची तयारी म्हणून नाही. आदल्या संध्याकाळी मी आपल्या मजल्यावर लिफ्टचं पॅनेल उघडून खाली बसले होते. तू आत दूध तापवत होतीस. आई पिशवी घेऊन बाहेर आली आणि माझ्या डोक्यावर उभी राहिली.

"लिफ्टवाली बाई, अजून किती वेळ? मला घरी जायचंय."

मी म्हटलं, "बंद आहे."

"मग तुम्ही कशाला आलात?"

ती भांडत नव्हती. सरळ विचारत होती. माझ्या हातात स्क्रू होते, ते मी एकेक करून डबीत टाकले. तेवढ्यात तू आलीस, तिच्या हातातली पिशवी घेतलीस, आणि ती तुझ्याबरोबर आत गेली. मी आत आले ते जेवायलाच. गाडीचं तिकीट मी तिथेच, जिन्यात बसून बदललं होतं. एवढंच.

आता कालचं. दोन परीक्षक होते. मी मोटर आणि स्प्रिंगा काढून ठेवल्या होत्या, ध्वनिक्षेपकही. केबिनमध्ये मी स्वतः उभी राहिले आणि एकेकाला आत घेतलं. मधले दहा दिवस मी ते शब्द म्हणायचा सराव केला होता. नर्तकाने मला एकच सांगितलं, आणि ते उपयोगी पडलं: "तू घोषणा करतेस, कारण तू दाराकडे बघून बोलतेस. ज्याला न्यायचंय त्याची पिशवी आधी घे." म्हणून मी परीक्षकांच्या पिशव्या घेतल्या.

पहिल्या परीक्षकबाईंना काही झालं नाही. त्यांनी पिशवी परत घेतली आणि निबंधातल्या स्प्रिंगा का काढल्या ते विचारलं. दुसरे वयस्कर होते. मी म्हटलं, आलं बरं का घर, उंबरा आहे. दार उघडलं. त्यांनी पाय उचलला. तिथे उंबरा नव्हता. मग त्यांनी खाली पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही हे कुणासाठी शिकलात?"

मी म्हटलं, "निबंधात आहे." निबंधात नाही. निकाल पुढच्या महिन्यात लागेल. काय लागेल त्याचा अंदाज नाही.

कुणासाठी शिकले, ते तुला सांगते.

मी केंद्रात फोन केला होता. खोली तळमजल्यावर आहे, बागेकडे उघडणारी. लिफ्ट नाही. दारांना उंबरे नाहीत, चाकाच्या खुर्च्यांसाठी काढून टाकले आहेत. आईला तिथे न्यायच्या दिवशी गाडी फाटकाशी थांबेल, आणि ती उतरणार नाही. 'हे कुठे आणलंत' म्हणेल. तेव्हा कुणाला तरी तिची पिशवी घेऊन म्हणावं लागेल, आलं बरं का घर.

ते तू म्हणू नकोस.

इतकी वर्षं तू ते म्हणालीस तेव्हा दार उघडल्यावर घरच होतं. फेरी खोटी असेल, पण वाक्य एकदाही खोटं नव्हतं. आईला आता माणसं ओळखू येत नाहीत, तूसुद्धा येत नाहीस, पण तुझ्या त्या वाक्यावर ती अजून पाय उचलते. त्या फाटकापाशी ते एकदा खोटं ठरलं, तर पुढे तू भेटायला जाशील तेव्हा तुझ्याकडे तिला सांगायला काय उरेल?

मी म्हणेन. खोटी लिफ्ट करायचंच शिकले आहे. लिफ्टवाल्या बाईवर आईचा तसाही भरवसा नाही, त्यामुळे तुटायचं काही नाही. तू मागच्या सीटवर बस, किंवा घरीच थांब आणि पाठ टेक. आत गेल्यावर ती माझ्यावर चिडली तर चिडू दे. दुसऱ्या दिवशी तू जा, नेहमीसारखी, तिच्याजवळ बस. तिने तुला विचारलं, की मला इथे कुणी आणलं, तर सांग, लिफ्टवाल्या बाईने.

ध्वनिमुद्रण मी पुसलेलं नाही. फोन आणते आहे, ते काय करायचं ते तू ठरव.

शुक्रवारच्या गाडीने येते. परतीचं तिकीट काढलेलं नाही. चार मजले चढून येईन, वाटेत तिसऱ्या मजल्यावर थांबून शेजारणीचे खुर्चीबद्दल आभार मानेन. तुझ्याशी काय बोलायचं ते जिन्यात ठरवीन. संध्याकाळी आई दाराशी उभी राहिली की तू उठू नकोस.

लिफ्टवाली बाई