कार्डावर एकोणसत्तर

१२ मे, सकाळी
खराडीच्या कंपनीत आमच्या कॅन्टीनला नोटीस लागली. येत्या एक जूनला माझी अठ्ठावन्न भरतात (शाळेत मास्तरांनी निम्म्या वर्गाला एक जूनच लावला होता). पण कायदा बदलला म्हणे, आता घरी पाठवायचं ते साठीला. वाढपी रामदासने वाचून दाखवलं, तोंड वाकडं करून. त्याची बायको माझ्या जागेवर डोळा ठेवून आहे. बस म्हणावं आणखी दोन वर्षं. निश्चय: साठीनंतरही हलायचं नाही. माझ्याशिवाय चारशे चपात्या कोण लाटतंय?

१४ मे
प्रत्येकाचं आधार कार्ड मागितलंय. कटकट. कार्डावर मी एकोणसत्तर आहे. चार वर्षांपूर्वी एसटीचं हाफ तिकीट मिळावं म्हणून अकरा वर्षं वाढवून घेतली. केंद्रावरच्या माणसाने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एक शब्द न विचारता लिहून टाकलं. मेला. पुढच्याच वर्षी सरसकट सगळ्या बायकांना हाफ! असो. वय कोण वाचतंय? त्यावरचा फोटोच बघवत नाही.

१५ मे
ऑफिसातल्या शेफाली मॅडमने वाचलं. एवढी शिकलेली मुलगी, तिला तेवढंच दिसलं. म्हणे, अहो आजी, साठ धरले तरी तुम्ही नऊ वर्षांपूर्वीच जायला हवं होतं. म्हटलं, मग नऊ वर्षं जेवलात कशाला? हसली. निर्लज्ज.

१८ मे
सुट्टी टाकून आधार केंद्रात. म्हटलं, तारीख होती तशी करा. म्हणे, जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, तुमची बदलून झाली. सून अपेक्षा सोबत होती. म्हणते कशी, आई, मी तेव्हाच नको म्हणत होते. नको म्हणत होती! स्वतःचं किती वाढवता येईल ते विचारत होती.

३१ मे
शाल, नारळ, फोटो. शाल अशी की आरपार दिसतं. रामदासने भाषण ठोकलं, आजींची उणीव भासेल. मागे त्याची बायको लाटत होती. चपात्या कसल्या, नकाशे! दोन दिवसांत सगळे ताटं ढकलतील, मॅनेजर गाडी पाठवेल. लगेच हो म्हणायचं नाही. तीनदा नाही म्हणायचं.

४ जून, दुपारी
शेफाली मॅडमचा फोन. मुद्दाम पूर्ण वाजू दिला, दुसऱ्यांदा आल्यावर उचलला. म्हटलं, विचार करून सांगते. ती म्हणाली, विचार कसला आजी, तुमचा लॉकर रिकामा करून द्या, नव्या मावशींना पर्स ठेवायला जागा नाही.
विचारलं, चपात्या कशा होतायत.
म्हणाली, होत्या तशाच की.