गणूच्या पाणबुडीचा कागद

४ मे, सोमवार
लई आनंद! बावीस दिसांनी नातवाचा फोन. गणूचा. म्हंजे पाणबुडी वर आली. पाण्याखाली फोन न्हाई, कधी जाणार, कधी येणार ते घरी सांगायचं न्हाई. एवढंच म्हणला, "आजी, सुट्टी मिळाली. येतो." डेरीवर सगळ्यांना सांगून आले. पारूबाई म्हणती, "तुमचा नातू सबमर्शिबलवर हाय ना वं?" म्हणलं व्हय, पण ती विहिरीतली मोटार न्हवं, ह्यात माणसं बसत्यात. हसता हसता किटली कलंडली माझी.

७ मे, गुरुवार
आला. वाळलाय. बायको त्याची, कोमल, दारातच थांबली. पाणी द्यायचं सुधरंना तिला. चार पोळ्या खाल्ल्या त्यानं, पुरणाच्या. पाचवी मी लपवून ठेवली, सकाळी त्यालाच द्यायला.

९ मे, शनिवार
आज कळलं. गणूची नेव्हीतली पंधरा वर्सं भरली. पुढं ऱ्हायचं तर कागदावर सही करून १६ तारखेला हजर. न्हाई केली तर सुटका. बाळासाहेबानं, माझ्या ल्योकानं, संगमनेरात दूध प्लांटवर जागा बघून ठेवलीय. मी मनात पेढे वाटले!
गणू म्हणला, जुन्या बोटी (पाणबुडीला हा बोटच म्हणतो) एकेक मोडीत चालल्या, नव्या येत्यात येत्यात म्हणता वर्सं गेली.
"बोटीच न्हाईत तर तू कशाला?" बाप म्हणला.
"दादा, बोट आज ना उद्या येईल. चालवणारा कुठनं आणायचा? आमी चौघं हुतो आवाज ऐकणारे. तिघं सुटले. नवं पोरगं तयार व्हायला लई वर्सं लागत्यात."
कोमल म्हणली, "मलाबी नवा नवरा तयार करायला तेवढीच लागतील."
सगळी हसलो. तिचं हसू आधी संपलं.

११ मे, सोमवार
आवाज ऐकणं म्हंजे काय, आज बघितलं. बोटीत हा कानाला यंत्र लावून बसतो. समुद्रात कोण चाललंय, आपल्या बोटीत काय खडखडतंय, सगळं कानावर. सकाळी विहिरीवर पाइपाला कान लावला न् म्हणला, "दादा, मोटार बंद करा. बेरिंग गेलंय." बाळासाहेब म्हणला, पाणी येतंय की. तरी काढली वर. मोटारवाला म्हणला, अजून दोन दिस चालली असती तर जळाली असती.
लई कौतुक वाटलं. सहज इचारलं, तुझी बोट किती जुनी रे?
"माझ्यापेक्षा थोरली हाय, आजी."
असल्या जुन्या बोटीत हा असला तर भ्या. नसला तर आतल्या बाकीच्या पोरांचं कोण ऐकणार? जेवण गेलं न्हाई.

१३ मे, बुधवार
"आजी, तू सांग, काय करू?" म्हणला. मी कैऱ्यांचं बोलले, शेजारच्या म्हशीचं बोलले. चौथी शिकलेल्या बाईला असलं इचारत्यात का? तोंडावर आलं हुतं ऱ्हा घरी. न्हाई निघालं.

१५ मे, शुक्रवार
गेला. सुटायचं तरी तिथं जाऊनच सुटावं लागतं. कोमल ष्ट्यांडावर गेल्ती, दुपारी परत आली. हातपाय धुवायच्या आधीच मी इचारलं, "केली का गं सही?"
म्हणली, "आजी, त्यांनी खिशातनं कागद काढला. मी म्हणलं, करायची तर आत्ता करा, मी बघत न्हाई. न् पाठ फिरवली. कागद वाजला मागं. सहीचा वाजला का तसाच घडी घातल्याचा, मला कुठं त्यांच्यावानी ऐकू येतंय?"