बाभळीच्या डिंकातली मुंगी

अण्णा, तुमची ती लाडकी विद्यार्थिनी काल पालमला आमच्या शाळेत येऊन गेली. मुंग्यांवर संशोधन करते म्हणून हेडमास्तरांनी बोलावलं, आणि मी विज्ञान शिकवते म्हणून स्वागताचा हार माझ्याच हातात दिला. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तरी तिच्या गळ्यात हार घालताना पोटात दुखलंच. सरळ सांगते, मी जळते तिच्यावर.

तिनं पर्समधून तो खडा काढला. गुजरातेतल्या खाणीतून तुमच्या मित्रानं आणलेला, गुळाच्या पाकाच्या रंगाचा. आत कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडाच्या चिकात अडकलेली मुंगी, त्या चिकाचाच पुढं दगड झालेला. तिच्या जातीची एकही आता जगात उरलेली नाही. वालूरच्या घरी मला तो लांबून बघायला मिळायचा, तुमच्या हातात. मी नऊ वर्षांची असेन. तुमच्याकडं एकच आहे, दुसरा आपण करावा म्हणून मी बाभळीचा डिंक आईच्या पळीत विरघळवला आणि आई रोज पीठ-साखर घालायची त्या बिळातली एक मुंगी त्यात सोडली. पत्र्यावर वाळवून तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही म्हणालात, "जित्या जिवाला मारून काय शिकायलीस? तुजी माय साखर घालायलीय त्यायला." आणि डिंकाचा गोळा खिशात टाकलात. फेकलाच असणार, असं मी धरून चालले. पुढच्या उन्हाळ्यात तुमची ती विद्यार्थिनी दहावी झाली आणि खरा खडा तुम्ही तिला देऊन टाकलात. मी दोन दिवस जेवले नव्हते, आठवतं?

काल ती पोरांना म्हणाली, "सर आमाला आधी डिंकाचा खडा दाखवायचे. म्हणायचे, माझ्या पोरीनं केलाय. मला सांगून जमंना, तिनं करून दाखवलं." बोलताना ती माझ्याकडं बघत होती. मी फळा पुसायला लागले, कोराच होता तरी.

वर्गाला सांगितलंत, अण्णा. घरी रोज आपण समोरासमोर जेवायला बसायचो. तिथं एकदा बोलला असतात तर मला कुठलाच खडा लागला नसता.

जाताना तिनं खरा खडा माझ्यापुढं धरला. "तुमीच ठेवा, ताई." मी नको म्हटलं आणि विचारलं, "डिंकाचा कुठाय?"

हे पत्र मी प्रयोगवहीत ठेवून देणार आहे. फक्त एवढं कबूल करते, ती "माहीत न्हाई, तो सर कुणालाच देत नव्हते" म्हणाली, तेव्हा मला लय बरं वाटलं.