माझ्यापुढे आता कोणी नाही

१४ नोव्हेंबर, गुरुवार

परत नकार! चांगवॉनच्या हाडांच्या दवाखान्यात गेले होते. साठ खाटा, बंद पडलेली लिफ्ट. कागद बघणारा माणूस चष्म्यावरून म्हणाला, "अनुभव?" म्हटलं, फेब्रुवारीत परवाना मिळाला. "म्हणजे नाही." मग विचारलं, आणखी कुठल्या यादीत नाव आहे का. खोटं बोलायला जीभ वळली नाही. "मग कशाला आमचा वेळ घेता बाई? तिकडून फोन आला की दुसऱ्या दिवशी पळणार तुम्ही."

मोठं रुग्णालय बोलवत नाही. आणि त्याने निवडलंय म्हणून छोटं घेत नाही!

गेल्या वर्षी निवड झाली तेव्हा आईने सगळ्या बाजारात तांदळाचे केक वाटले. देगूचं मोठं रुग्णालय! नंतर फेब्रुवारीत शिकाऊ डॉक्टर सरकारशी भांडून, राजीनामे टाकून निघून गेले, वॉर्डांना कुलपं लागली, आणि आम्ही निवडलेल्या पोरी "बोलावू तेव्हा या" म्हणून लटकलो. सुरुवातीला माझा नंबर एकतीस. तिथली एखादी नर्स सोडून गेली की यादीतली पहिली आत जाते आणि आम्ही एक घर पुढे सरकतो; सरकत सरकत आता मी पाचवी. सकाळी बेकरीत पाव भरते, दुपारी आईच्या दुकानात किमची, आमचं कोबीचं लोणचं. शेजारच्या टोफूवाल्या काकू रोज विचारतात, "काय गं नारे, अजून सुट्टीच का?"

आई म्हणते, "हो, मोठ्या ठिकाणी वेळ लागतो." आणि डब्यांची झाकणं उगीच परत परत दाबते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

यादीतल्या मुलींच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं — "आयसीयूमधून दोघी गेल्या!!" खाली टाळ्याच टाळ्या. मीही टाकल्या. मग काढल्या. मग वाटलं, काढल्या तर जास्त दिसतं. परत टाकल्या.

दोन पोरी रडत घरी गेल्या असतील. आणि आम्ही टाळ्या वाजवतोय.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

रुग्णालयाचं पत्र. यादी ३१ डिसेंबरपर्यंतच. त्यानंतर रद्द, नव्याने अर्ज करा, नव्या वर्षाच्या पोरींसोबत.

माझ्या वर दोघीच उरल्या होत्या. एकीने अमेरिकेची नर्सिंगची परीक्षा द्यायचं ठरवलं, दुसरी शाळेत नर्स म्हणून चिकटली. दोघींनी आज नावं काढून घेतली. माझ्यापुढे आता कोणी नाही.

एकच जण जायला हवी. कोणीही. देवा, कोणीही जाऊ दे!

हे मीच लिहिलं. खोडणार नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ग्यू-री ताईचा फोन आला होता — "देगूला ये ना, नाइट संपली की एकत्र जेवू." कॉलेजात दोन वर्षं पुढे होती. सुई टोचायला मी घाबरायचे, तर स्वतःचा हात पुढे करून म्हणायची, "टोच. मला दुखलं तर मी ओरडेन, तू नको ओरडूस." तिच्या दंडावर महिनाभर माझे निळे डाग होते. आणि ती त्याच रुग्णालयात आहे. सातव्या मजल्यावर.

पहाटेची बस धरली. साडेनऊला ती आली. ओळखलीच नाही आधी! गाल आत गेलेले, ओठांची सालं निघालेली. समोर वाफाळता रस्सा-भात, आणि ती चमचा धरून नुसती बसलेली.

मग बोलत सुटली. शिकाऊ डॉक्टर गेल्यापासून त्यांची अर्धी कामं नर्सांवर. आणि वरची सिनियर हिला 'जाळते' आहे — हाताखालच्या नर्सला राख होईपर्यंत छळायचं, याला आमच्यात तोच शब्द आहे. पेशंटच्या नातेवाइकांसमोर म्हणाली म्हणे, "हिच्या हाती कुत्रंसुद्धा देऊ नका." सुट्टीच्या दिवशी दार बंद करून झोपते, तरी खोलीत मशीनची शिट्टी ऐकू येते.

"ओपीडीत बदली मागितलीये," ती म्हणाली. "इन्चार्ज बाई म्हणतात, वसंतापर्यंत थांब, नक्की करते. आई म्हणते, थांब. तुला काय वाटतं गं?"

बदली झाली तर तिच्या जागी आतलीच दुसरी नर्स जाईल. सोडलं तर बाहेरची घ्यावी लागेल. हे मला तिने वाक्य संपवायच्या आत सुचलं! आत कुठेतरी हिशोब झालासुद्धा.

मी म्हटलं, "ताई, वसंत सगळ्यांनाच सांगतात त्या. तू सोड. तब्येत आधी."

बाईंना मी कधी पाहिलेलंही नाही. सगळ्यांना काय सांगतात, मला काय ठाऊक!

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "बरं." आणि सगळा रस्सा संपवला. वाटी उचलून प्यायली.

परतीच्या बसमध्ये मनाला सांगत होते — खरंच तर होतं ते. तिची अवस्था बघून कोणीही हेच म्हणालं असतं. कोणीही. पण मी ते कोणीही म्हणून म्हटलं नाही.

४ डिसेंबर, बुधवार

काल रात्री राष्ट्राध्यक्षांनी अचानक लष्करी कायदा पुकारला, अख्खा कोरिया टीव्हीसमोर. आई हात जोडून बसलेली, संसदेपुढे सैनिक. मी फोनवर ग्रुप बघत होते, सातव्या मजल्यावरचं कोणी गेलं का म्हणून.

२० डिसेंबर, शुक्रवार

गेली. ग्रुपवर आलं — "सातवा मजला, एक. पक्कं." कोण ते कोणी लिहिलं नाही.

ताईला फोन लावला. बंद. चारदा लावला. बंद.

२७ डिसेंबर, शुक्रवार

बेकरीत ट्रे हातात असताना फोन आला. "सहा जानेवारीला हजर होऊ शकाल?" मी "हो" म्हटलं, एकदाच विचारलं होतं तरी तीनदा.

आई दुकान उघडं टाकून रस्त्यावर आली. टोफूवाल्या काकूंना मिठी मारली! काकू म्हणाल्या, "बघ, मी म्हणत नव्हते?" त्या कधीच असं म्हणत नव्हत्या. आईने समुद्री शेवाळाचं सूप केलं, माझा वाढदिवस असल्यासारखं. घास उतरेना. "आनंदाने भूक मेली पोरीची," ती म्हणाली.

मी मान हलवली.

६ जानेवारी, सोमवार

सातवा मजला.

कपाटावरची नावाची पट्टी नीट निघाली नव्हती. 'री' हे अक्षर उरलं होतं. नखाने खरवडून काढलं. दुसरं काय करणार?

१५ जानेवारी, बुधवार

ती सिनियर मलाही जाळते. बरं वाटतं. वेडी झाले का मी? ती ओरडली की वाटतं — बरोबर, चालू दे.

२१ जानेवारी, मंगळवार

इन्चार्ज बाई — बारीकशा, मऊ आवाजाच्या — जेवताना म्हणाल्या, "तू ग्यू-रीच्याच कॉलेजची ना? काय चांगली पोर! ओपीडीची बदली मंजूर करून आणली होती मी. एक फेब्रुवारीपासून. महिनाभर थांबली असती तर."

म्हणजे खरं होतं! बाई खरं बोलत होत्या.

"कोणी सांगितलं तिला सोड म्हणून, देव जाणे," असंही म्हणाल्या. आणि त्यांच्या डब्यातला अंड्याचा तुकडा माझ्या भातावर ठेवला. "खा गं. वाळलीस."

खाल्ला. नाही म्हणता आलं नाही.

२९ जानेवारी, बुधवार

चांद्र नववर्ष. ड्युटी मागून घेतली. आईला सांगितलं, नव्या मुलींना सुट्टी नसते. पूर्वजांच्या पूजेला तिच्यासोबत उभं राहायचं धैर्य नव्हतं. ती माझ्या नोकरीबद्दल बाबांच्या फोटोचे आभार मानणार. मोठ्याने. मला ठाऊक आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

थोंगयोंगला, ताईच्या समुद्रकाठच्या गावी, जाऊन आले. ताईच्या घरची कालवं काढायची शेड आहे तिथे, हे कॉलेजपासून माहीत होतं. शेडमध्ये पंधरा-वीस बायका उभ्या, रबरी हातमोजे, हातात आखूड सुऱ्या, पायांशी शिंपल्यांचे ढीग. ताई शेवटून दुसरी.

"अगं नारे!" एवढंच म्हणाली. हात थांबला नाही. सुरी आत, फिरव, मांस भांड्यात, शिंपला खाली.

मी सगळं सांगितलं. तिथेच, चिखलात उभी राहून. यादी, माझा नंबर, एकतीस डिसेंबर. तिने विचारलं तेव्हा मी तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या जागेकडे बघत होते. बाई खोटं बोलत नव्हत्या, मी बोलले. बदली मंजूर झाली होती. तुझ्या कपाटात माझे बूट आहेत, ताई.

शेजारची बाई सुरी थांबवून ऐकायला लागली. मी रडायला लागले, आणि ते थांबेचना. ताईचा चेहरा लाल झाला, कानापर्यंत. वाटलं, आता मारणार. मारावं!

तेवढ्यात तिची आई आली, गरम बार्लीच्या चहाचा पेला घेऊन. "अगं बाई, रडते काय ही? तू रुग्णालयातली मैत्रीण ना? आमची ग्यू-री आता झोपते बघ. रात्रभर! मीच मूर्ख, थांब थांब म्हणत होते तिला." माझ्या पाठीवर थापट्या मारत होती. मला!

निघताना ताईने कालवांचा डबा हातात दिला. बर्फ घालून, नीट बांधून. डोळ्याला डोळा भिडवला नाही. "बस चुकेल," म्हणाली.

मला वाटतं ती मला कधीच माफ करणार नाही. करूही नये.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ग्यू-री ताईचा मेसेज. जसाच्या तसा उतरवते —

"नारे, परवा सगळ्यांसमोर मला बोलता आलं नाही. तुझा नंबर मला माहीत होता. यादी आमच्या वॉर्डातही फिरायची. बदली खरी आहे, हेही माहीत होतं. पण मला तिथे एक दिवसही राहायचं नव्हतं, आणि आपल्या तोंडाने 'जाते' म्हणवत नव्हतं. आई थांब म्हणणार, बाई थांब म्हणणार. 'जा' म्हणेल असं एकच माणूस होतं, म्हणून तुला जेवायला बोलावलं. तुला काय वाटेल याचा विचार केला, आणि तरी बोलावलं. वापरलं गं मी तुला. दोन महिने फोन बंद ठेवला तो याच लाजेने. जमलं तर माफ कर."