वाळवंटातले खोटे रणगाडे

अण्णा,

दादाचं पार्सल आलं. पंचांग, गोडा मसाला, समईच्या वाती आणि तुमचं लढाईतलं पदक. विमानाने पाठवायला सव्वाशे रुपये घातले त्याने; जहाजाने आलंच असतं की. पदक देवाजवळ, तुमच्या हार घातलेल्या फोटोपाशी ठेवलंय.

तुमची नात, इथे अमेरिकेतच जन्मलेली, सैन्याच्या कचेरीत लागतेय. वाळवंटाचे आकाशातून काढलेले फोटो बघायचे आणि कुठे काय दडलंय ते सांगायचं. महायुद्धात इंग्रजांच्या फौजेत, आफ्रिकेत तुम्ही तेच करायचात, हे तिला ठाऊक नाही. मला तरी कुठे होतं? माझा मॅट्रिकचा निकाल लागलाय, मी चुलीपाशी तांदूळ निवडतेय, आणि तुम्ही पाटावर बसून एकाएकी सांगताय. वाळवंटात झाड नाही, आडोसा नाही, म्हणून दोन्हीकडचे लोक लाकडाचे खोटे रणगाडे मांडून ठेवायचे. एका फोटोत रणगाड्यांची रांग होती, पण मागे वाळूत चाकोऱ्या नव्हत्या. तुम्ही ‘खोटे’ असा शेरा मारलात. वाऱ्याने चाकोऱ्या बुजल्या असतील, हे सुचलं नाही. सकाळी त्या शेऱ्यावर विसंबून आपलीच पलटण त्या बाजूने गेली. पुढचं तुम्ही बोलला नाहीत. एवढंच म्हणालात, “बाळ, हे कुणाला सांगायचं नाही. मी शपथ घेतलीय.” मी बरं म्हटलं आणि तांदूळ धुतले. त्यानंतर तुम्ही जेवताना घास हातात धरून थांबायचात, तेव्हा आई चिडायची. मी पुन्हा आमटी वाढायचे.

आज एक माणूस पोरीची चौकशी करायला आला होता. इथे हर्नडनला अशा नोकऱ्यांआधी घरी येऊन विचारतात. चहा घेतला, चिवड्याची बशी लाच असल्यासारखी हळूच लांब सरकवली. घरातलं कुणी परक्या सैन्याच्या हेरखात्यात होतं का, असं विचारलं. मी म्हटलं, वडील सैन्यात कारकून होते. तो गेल्यावर पोरगी हसत म्हणाली, “आई, रिलॅक्स. खोटं बोलली असशील तर फक्त माझा जॉब जाईल.”

सोमवारी तो त्या जबाबावर माझी सही घ्यायला परत येणार आहे. दमलेय मी, अण्णा. तुमची शपथ मोडू, की तिचं नुकसान करू? आणि खरं सांगू, नोकरी गेली तर मला सुटल्यासारखंच वाटेल. देवापुढेसुद्धा हे बोलले नाही. तुमच्यासारखी घास हातात धरून थांबलेली ती मला बघवणार नाही.

याला पाकीट आणलेलं नाही, आणणारही नाही. तरी सोमवारच्या आत उलट टपाली कळवा.