उतारावर गाडी गिअरमध्ये

फुलसावंगी,
११ जानेवारी २०२६

प्रिय अश्वजितचे बाबा,
सप्रेम जयभीम.

घरी सगळे बरे आहोत. थंडीनं आईंचा गुडघा धरला होता, पण शेकून शेकून आता त्या अंगणापर्यंत येतात. अश्वजित बारावीच्या अभ्यासाला लागलाय. गणिताला घाबरतो, पण ते मला कळू देत नाही. तूर यंदा चांगली भरली. तुमच्या अंगावर काही पांघरायला आहे का? गेल्या मुलाखतीत गाल फार बसलेले दिसले. काचेपलीकडे तुम्ही, तुमच्या मागं रांग, त्यामुळं मी घरचंच बोलून परत आले. फोनवरही तसंच होतं. म्हणून पत्र लिहायला बसले. जेलचे साहेब पत्रं आधी वाचतात म्हणे. वाचू द्या.

मी एक गाडी घेतली. मुलाखतीत सांगायचं राहून गेलं असं म्हणणार होते, पण राहून गेलं नव्हतं. मीच सांगितलं नाही.

जुनी मारुती आहे, पांढरी, लहान. पुसदच्या एका रिटायर मास्तरांकडे होती. शाळेच्या गणवेशाचं शिवणकाम वाढलंय, आणि गठ्ठे घेऊन एसटीत चढलं की कंडक्टर आधी माझ्याकडे बघतो, मग गठ्ठ्यांकडे. कधी एसटी येतच नाही. माझा भाऊ म्हणाला, घ्यायचीच तर मोठी जीप घे, माणसं भरता येतील. मला माणसं भरायची नव्हती. मला कमी पेट्रोल पिणारी, स्वतःला चालवता येईल अशी गाडी हवी होती. तुमची पिकअप दुरुस्त करायचे ते जफरभाई, त्यांनीच ही शोधून दिली. नुसत्या बोलण्यावर घेऊ दिली नाही. टाकी काठोकाठ भरली, मला शेजारी बसवून महागावपर्यंत नेली, परत आणून पुन्हा काठोकाठ भरली आणि हिशेब करून दाखवला. लिटरमागे वीस किलोमीटरच्या वर देते. एवढं वय झालं तरी.

मग ती तशीच राहावी म्हणून काय करायचं ते सांगितलं. टायरात हवा बरोबर ठेवायची, क्लचवर पाय टेकवून बसायचं नाही, टपावर ओझं टाकायचं नाही. आणि म्हणाले, "भाभी, उतारावर गाडी बंद करून सोडायची नाही. गिअरमध्येच उतरवायची. तसं करून तेल वाचते असं लोकांले वाटते." एवढं बोलून ते बोनेट पुसत बसले.

हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. पिकअपचा मालक डिझेल किती हात आखडून द्यायचा ते मी पाहिलंय. कापसानं भरलेली पिकअप उतारावर बंद करून सोडायची सवय तुम्हा सगळ्याच ड्रायव्हरांना होती. इंजिन बंद म्हणून ब्रेक दगडासारखा झाला, हे मी कोर्टात ऐकलं. खालून मोटारसायकलवर तांड्यावरचा बादल येत होता, हेही तिथंच ऐकलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

दसऱ्याच्या आधी एक दिवस पुसदला चालले होते. ऊन फार होतं. तांड्याच्या फाट्यावर एक म्हातारा शेताच्या धुऱ्यावरच्या दगडावर बसलेला, बाजूला त्याची बायको उभी. मी लांबूनच ओळखलं. लालीबाई. बादलची आई. कोर्टात प्रत्येक तारखेला ती पहिल्या बाकावर बसायची. पुढं निघून जावं असं वाटलं, आणि खरंच थोडी पुढं गेलेही. मग आरशात तो म्हातारा दगडावरच आडवा होताना दिसला. गाडी मागं घेतली.

तो म्हातारा म्हणजे बादलचे वडील, बाबूसिंग. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा पुसदला रक्त धुवायला जावं लागते. आधी बादलच मोटारसायकलवर न्यायचा. त्या दिवशी तांड्यावरून जाणारी जीप भरून निघून गेली होती.

मी खाली उतरले. आधी सांगणं भाग होतं. म्हणाले, बसण्याआधी ऐका, मी त्या राजदीपची बायको आहे. पुढं काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

लालीबाईनं माझ्याकडं पाहिलंही नाही. म्हणाली, "माहीत हाय मले. याले चक्कर येऊन राह्यली. दार उघड."

पुसदला पोचलो. दवाखान्यात सोडलं, कपडे दुकानात दिले, आणि परत दवाखान्याकडे गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. ती दोघं पायरीवर बसली होती. मला पाहून उठली आणि गाडीत येऊन बसली. तेव्हापासून मी माझ्या पुसदच्या खेपा त्यांच्या दिवसांना जुळवून घेतल्या.

लोक बोलले. आपल्याकडचे म्हणाले, ही केस हलकी करायला निघाली. निकाल कधीच लागलाय, आता हलकं काय व्हायचं? तांड्यावरचे लालीबाईला म्हणाले, पोराला मारणाऱ्याच्या गाडीत बसतेस? तिनं काय उत्तर दिलं ते मला बाबूसिंगनं सांगितलं. ती म्हणाली, तुमच्यापैकी एकानं गाडी आणा, मी हिच्या गाडीत बसणार नाही. कोणी आणली नाही.

बाबूसिंग पुढं बसतात. जन्मभर दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवलेला माणूस. कितीतरी खेपांनंतर त्यांचा पहिला शब्द निघाला तो, "किती देते?" मी म्हटलं, वीसच्या वर. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "चांगली हाय. जुनी माणसं कमी खातात." मला हसू आलं आणि लगेच रडूही. मागं लालीबाई खिडकीबाहेर पाहत होती.

पण रस्ता तोच आहे ना. जाताना तो घाट चढायचा, येताना उतरायचा. मी गाडी गिअरमध्ये ठेवते, इंजिन घुरघुरते, आणि खालचं वळण येईपर्यंत आम्ही तिघंही समोर बघत असतो. बादल पडला त्या वळणावर लालीबाई पदर तोंडावर ओढते. मी एकदाही तिथं थांबले नव्हते.

परवा बाबूसिंग म्हणाले, थांबव.

मी गाडी कडेला घेतली. त्यांना खाली उतरायचं नव्हतं. त्यांनी काच खाली केली. मग म्हणाले, "पोराचा जीव लगेच नाही गेला, डॉक्टरनं कोर्टात सांगितलं. तवा इथं तुझ्या नवऱ्याबिगर कोणी नव्हतं. मले एवढंच पाहिजे, तो काही बोलला का? पाणी मागतलं का? तुझा नवरा त्याच्यापाशी बसला, का पोराले एकटं टाकून पळाला?"

मला वाटलं लालीबाई त्यांना गप्प करेल. ती म्हणाली, "विचार त्याले. पण गोड करून आणू नोको. खोटं असन त मले समजते."

मी म्हणाले, विचारते. आणि गाडी सुरू केली.

अश्वजितचे बाबा, मीही तुम्हाला हे कधी विचारलेलं नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः ठाण्यात गेलात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी तुम्ही कुठं होतात, हे कोणालाच माहीत नाही. मी ठाण्यात आले तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात की गाडी थांबलीच नाही. पुढं वकिलानं तुम्हाला गप्प बसवलं. घरात आईंनी विचारलं तर मीच विषय बदलायचे. मला भीती वाटायची की उत्तर ऐकलं तर माझ्यानं मुलाखतीला येणं होणार नाही. ती भीती गेली असं नाही. पण ती दोघं रोज त्या उत्तरावाचून झोपतात, आणि मी माझ्या भीतीला जपत बसले होते.

तुम्ही त्याच्याजवळ बसला असाल तर तसं लिहा. त्यानं आईचं नाव घेतलं असेल, शिव्या दिल्या असतील, काही बोललाच नसेल, तर तेही लिहा. पळाला असाल तर पळालो असं लिहा. त्यांच्यासाठी लिहा, माझ्याकडं पाहून लिहू नका. मी एकही शब्द न वगळता त्यांना वाचून दाखवीन. त्यानंतर त्यांना माझ्या गाडीत बसायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. मी फाट्यावर थांबत जाईन.

फार उशीर करू नका. पुसदचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, बाबूसिंगचं हृदयही आता थकलं आहे. गाडीत चढवताना त्यांचा दंड धरते, तर हातात नुसतं हाड लागते.

आई तुम्हाला आशीर्वाद सांगतात. अश्वजितला यातलं काही माहीत नाही, पण तुमचं उत्तर आल्यावर त्यालाही वाचायला देणार आहे. तो आता मोठा झाला आहे.

तुम्ही काय लिहाल ते मला माहीत नाही. जे लिहाल ते वाचल्यानंतरही,

तुमचीच,
दीपमाला